वृंदावनांतील चार दिवस

मथुरेच्या स्टेशनावर उतरलें म्हणजे वृंदावन अवघें दहाबारा किलोमीटर राहतें. पूर्वीं यात्रेकरू टांग्यांतून जात. आतां विजेवर चालणाऱ्या रिक्षांतून जातात. भाड्याची घासाघीस संपतांच रिक्षावाला "राधे राधे" म्हणून मोकळा होतो. या गांवीं नमस्कार, हाक, "बाजूला व्हा" आणि "माफ करा" या चारहि अर्थीं हाच एक शब्द चालतो. ज्याचा जन्म व्याकरण शिकविण्यांत गेला त्याला एका पदाचे इतके अर्थ पाहून मौज वाटल्यावांचून राहिली नाहीं.

वृंदावनचीं मंदिरें पाहावयास चार दिवस पुरत नाहींत. गोविंददेवाचें तांबड्या दगडाचें भव्य देवालय अंबरच्या राजा मानसिंगानें १५९० सालीं बांधविलें. त्याचे वरचे मजले आज नाहींत. औरंगजेबाच्या अमदानींत येथून हलविलेली मूर्ति शेवटीं जयपुरास स्थिर झाली. मदनमोहनजी करौलीस गेले. संकट टळल्यावरहि हे देव परत आले नाहींत. येथें त्यांच्या प्रतिमूर्तींची पूजा होते. रंगजीचें मंदिर मथुरेच्या शेठांनीं एकोणिसाव्या शतकांत थेट द्राविडी पद्धतीवर उभारलें, त्यामुळें गोपुराखालीं उभें राहिल्यावर आपण श्रीरंगास आहों कीं व्रजांत, असा क्षणभर भ्रम होतो. शाहजीच्या मंदिराचे पिळाचे संगमरवरी खांब पाहण्यासारखे आहेत. बांकेबिहारीचें दर्शन मात्र सलग घडत नाहीं. देवाला दृष्ट लागूं नये म्हणून घडोघडी पडदा ओढतात. गांवांतील माकडें यात्रेकरूंच्या नाकावरचे चष्मे पळवितात आणि खाऊ मिळाल्यावर परत टाकतात. हें ऐकून आमच्या सौ.नें आपला चष्मा पहिल्या दिवसापासून पदराच्या गांठींत बांधून ठेवला आणि देव धुकटच पाहिले.

परंतु मंदिरांपेक्षांहि या गांवीं डोळ्यांत भरतात त्या पांढऱ्या वस्त्रांतील वृद्ध स्त्रिया. पहाटे गल्ल्यांतून त्या एकेकट्या, भिंतीचा आधार घेत, भजनाश्रमाकडे जात असतात. तेथें कांहीं तास टाळ वाजवून नामसंकीर्तन करावयाचें आणि त्याबद्दल थोडे तांदूळ, थोडी डाळ व चार नाणीं पदरांत घ्यावयाचीं, असा बहुतेकींचा क्रम वर्षानुवर्षें चालत आला. गांवांतले लोक त्यांना "माई" म्हणतात. घरच्यांनीं जिला टाकलें तिला सारें गांव आई म्हणतें, हें मला कांहीं केल्या गोड वाटेना.

त्यांत बंगालच्या स्त्रियाच अधिक कां, असा प्रश्न कोणालाहि पडेल. एक कारण भक्तीचें आहे. चैतन्य महाप्रभु १५१५ च्या सुमारास येथें आले, आणि त्यांच्या शिष्यांनीं, रूप व सनातन या गोस्वामींनीं, हें क्षेत्र बंगालच्या मनांत कायमचें रुजविलें. दुसरें कारण मात्र धर्मशास्त्राच्या ग्रंथांत सांपडतें. आपल्याकडे विज्ञानेश्वराची मिताक्षरा प्रमाण. तिच्याप्रमाणें अविभक्त कुटुंबांतील विधवेचा हक्क अन्नवस्त्रापुरता. बंगालमध्यें जीमूतवाहनाचा दायभाग प्रमाण, आणि तो अधिक उदार: पुत्रहीन विधवेस अविभक्त कुटुंबांतहि पतीचा वांटा तहहयात मिळे. अनेक अभ्यासकांचें मत असें कीं हा उदारपणाच तिच्या मुळावर आला. वांट्याची धनीण डोळ्यांसमोर नको, म्हणून तिला तीर्थवासास धाडण्याची सोय निघाली. मला हें मत पटतें. छळाचें मूळ शोधावयाचें तर आधीं कपाटांतले कागद पाहावेत, मग स्वभाव.

अर्थात् वांटा नव्हता म्हणून महाराष्ट्रांतील विधवा सुखी होती, असें समजण्याचें कारण नाहीं. आलवण नेसलेली, केशवपन झालेली एखादी आत्या वा काकू ज्या घरीं स्वयंपाकघरांत राबली नाहीं असें जुनें घर आपल्यांत विरळा. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं शारदासदन काढलें, आणि पुढें त्या यात्रेकरूच्या वेषानें याच वृंदावनांत येऊन विधवांची स्थिति डोळ्यांनीं पाहून गेल्या. त्यांच्या धर्मांतरावरून आपल्या समाजांत रणें माजलीं, तीं येथें उकरण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु त्या येथवर आल्या होत्या, हें विसरून चालणार नाहीं. शारदासदनांत शिकलेल्या गोदूबाईंशींच अण्णासाहेब कर्व्यांनीं १८९३ सालीं विवाह केला व १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम काढला, हें पुण्याच्या वाचकांस सांगावयास नको.

१९५६ च्या उत्तराधिकार कायद्यानें विधवेस पूर्ण मालकीचा वांटा मिळाला. तरी वृंदावनची वाट बंद झाली नाहीं. २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें गोष्ट आली ती अशी कीं, येथें वारलेल्या निराधार स्त्रियांस अग्निसंस्कारहि धड मिळत नाहीं. प्रेतांची जी विल्हेवाट लावली जात असल्याचें त्या वेळीं उघड झालें तिचें वर्णन घरोघरीं वाचल्या जाणाऱ्या मासिकांत करवत नाहीं. त्यानंतर न्यायालयाच्या सूचनेवरून सुलभ ही संस्था पुढें झाली. तिनें वेतन सुरू केलें, औषधपाण्याची व्यवस्था केली, आणि २०१३ पासून या स्त्रिया होळीस रंगहि खेळूं लागल्या. २०१८ सालीं सरकारनें हजार जणींच्या सोयीचें 'कृष्णा कुटीर' उघडलें. म्हणजे आजचें वृंदावन हें रमाबाईंनीं पाहिलेलें वृंदावन नव्हे. येथें आलेली प्रत्येक स्त्री टाकलेलीच आहे असें म्हणणेंहि अन्यायाचें होईल. कित्येकजणी आपखुशीनें आल्या आहेत, आणि घराच्या जांचापेक्षां टाळ बरा म्हणून सुखानें राहिल्या आहेत.

तिसऱ्या दिवशीं एका आश्रमांत बसलों असतां मागून शुद्ध मराठींत प्रश्न आला, "कुठले तुम्ही?" वळून पाहिलें तों अठ्ठ्याहत्तरीच्या घरांतली एक कृश बाई. भुसावळकडची. यजमान रेल्वेंत होते. ते जाऊन बारा वर्षें झालीं, येथें येऊन सहा. तिच्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानें बांधलेली होती आणि एका कांचेला चीर होती. सौ.नें "मावशी" म्हणून तिचा हात हातांत घेतला, तेव्हां ती सहा वर्षांचें मराठी एकदम बोलूं लागली.

मुलाविषयीं तक्रारीचा शब्द नाहीं. "फार गुणाचा आहे हो. त्यानंच आणून पोंचवलं. दरवर्षी दिवाळी झाली की येतो, न चुकता. एक दिवस राहतो, पेढे आणतो. माझा फोटो काढतो मोबाइलवर. म्हणतो, आई, डोळे मीट, आता उघड. लहानपणी मी त्याला काजळ घालताना म्हणायची तसं."

सौ. कौतुकानें हंसली. मला हंसूं येईना. मी स्वतः निवृत्तिवेतन घेणारा माणूस आहें. दर नोव्हेंबरांत हयातीचा दाखला दिला नाहीं तर वेतन थांबतें, हें आम्हां पेन्शनरांस तिथिवाराप्रमाणें पाठ असतें. पूर्वीं त्यासाठीं बँकेंत जावें लागे. २०१४ पासून बोटाच्या ठशावर आणि २०२१ पासून चेहरा दाखवूनहि तो मोबाइलवरून देतां येतो. आणि त्या यंत्राला समोर जिवंत माणूस आहे अशी खात्री पटावी म्हणून पापण्या मिटून उघडाव्या लागतात.

यजमान रेल्वेंत होते, तर कुटुंबाचें निवृत्तिवेतन येत असेलच, असें मीं विचारलें. "येत असेल. पासबुक त्याच्याकडं आहे. मला इथं काय लागतं?" असें म्हणून तिनें चीर पडलेला चष्मा पुसला.

मग त्या दुपारीं सौ.नें एकटीनें तिच्याजवळ बसून हळूहळू सारें विचारून घेतलें. मी मुद्दाम दूर राहिलों. पुरुषासमोर आणि चारचौघांत अशा गोष्टी निघत नाहींत. मारहाण कधींच झाली नव्हती. आधीं कपाटाची किल्ली गेली, 'तुझ्या हातून हरवेल' म्हणून. मग खाट माजघरांतून मागच्या पडवींत आली, 'रात्रीं खोकतेस' म्हणून. ताट वेगळें झालें, नंतर उशिरा येऊं लागलें. कोणी भेटावयास आलें तर "झोपल्या आहेत" किंवा "आतां त्यांना कांहीं समजत नाहीं" असें दारांतूनच सांगत. मोतीबिंदूचें ऑपरेशन पुढच्या वर्षावर गेलें तें गेलेंच. एके दिवशीं दोन पाहुणे कागद घेऊन आले आणि चौथी पास झालेल्या बाईचा अंगठा घेतला. त्यानंतर महिन्याभरांत व्रजयात्रेचा बेत निघाला.

ही मालिका ऐकतांना एक गोष्ट माझ्या मनांत ठसली. यांतली एकहि पायरी अंधारांत घडली नव्हती. खाट हललेली शेजारणीनें पाहिली होती. दारांतून परत गेलेल्या पाहुण्यांत तिचे सख्खे भाचे होते. डॉक्टरांना ऑपरेशनची तारीख ठाऊक होती. कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या. वृंदावन हें या गोष्टीचें शेवटचें स्टेशन. गाडी सुटली ती आपल्यासारख्याच एका आळींतून, आणि निरोप द्यायला आळी आली होती. शिवाय जिच्यावर बेततें ती सांगत नाहीं. मुलाची अब्रू ती आपल्या पोटापेक्षां जपते. म्हणून ओळखण्याचें काम दुसऱ्यासच करावें लागतें.

तीस वर्षें वर्गांत उभें राहिल्यावर मास्तराला एक कळूं लागतें: घरीं मार खाणारें पोर प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं कोणाकडे तरी पाहतें. वृद्धांचेंहि तसेंच. आपण आजींना विचारावें आणि त्यांनीं सुनेकडे वा मुलाकडे पाहून मग "बरी आहें" म्हणावें, किंवा उत्तर दुसऱ्यानेंच द्यावें, तर जरा थांबावें. अंगावर ताजे व जुने, निळे व पिवळे डाग एकाच वेळीं दिसले, दंडावर बोटांसारखे वळ दिसले, आणि प्रत्येक वेळीं "पडल्या" हेंच उत्तर मिळालें; औषधाची गुंगी सदाच दिसली; खात्यांत पैसे असून अंगावर फाटकें लुगडें राहिलें; तर डोळेझांक करूं नये. मात्र उलट बाजूहि ध्यानांत ठेवावी. म्हातारपणीं कातडी पातळ होते, नुसत्या धक्क्यानें काळीनिळी पडते. विस्मरण लागलेला माणूस ठेवलेले पैसे विसरतो आणि चोरीचा आळ घरच्यांवर घेतो. आणि कित्येक घरीं जो 'छळ' दिसतो तो एकट्या सुनेवर पडलेल्या अहोरात्र शुश्रूषेचा शीण असतो. तिच्या मदतीला दोन तास माणूस दिलें कीं घरांतला आवाज आपोआप खालीं येतो. म्हणून एका खुणेवरून निकाल देऊं नये. दिसलें तें तारखेसह टिपून ठेवावें आणि त्या माणसाशीं एकान्तांत बोलावें. देवळापर्यंत हात धरून नेणें हा त्यासाठीं उत्तम उपाय आहे.

ही गोष्ट क्वचित् घडते असेंहि कोणी समजूं नये. २०१७ सालच्या एका अभ्यासाच्या आधारें जागतिक आरोग्य संघटना सांगते कीं, साठीपुढील दर सहा माणसांत एकास वर्षभरांत कोणत्या ना कोणत्या रूपानें छळ सोसावा लागतो. अशा चोवीस प्रकरणांत एकाचीच वाच्यता होते, असाहि अंदाज तिनें दिला होता.

वाच्यता कोठें करावी? "दुसऱ्याच्या घरांत आपण कसें पडावें" ही आपली नेहमींची अडचण. परंतु कायद्यानें ती बरीचशी दूर केली आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा केवळ नवऱ्याच्या मारापुरता आहे, अशी सार्वत्रिक समजूत दिसते. ती चुकीची आहे. त्यांत एकत्र कुटुंबांत राहणारी आई, सासू, विधवा आत्या, सगळ्या येतात; पैसे अडकवून ठेवणें, टोचून बोलणें हेंहि त्यांत हिंसाच मानलें आहे. शेजाऱ्यानें वा नातलगानें संरक्षण अधिकाऱ्यास खबर दिली आणि ती सद्बुद्धीनें दिली असली, तर त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी कसलाहि ठपका येत नाहीं.

२००७ चा आईबापांच्या व ज्येष्ठांच्या निर्वाहाचा कायदा निराळा. त्याखालीं अर्ज प्रांतसाहेबांच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढें चालतो. महिना दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मंजूर होऊं शकतो. अर्जदारास चालतां येत नसेल तर त्याच्या वतीनें दुसऱ्यानेंहि अर्ज करावा, आणि कोणीच न केला तरी अधिकाऱ्यास आपण होऊन चौकशी करतां येते. मूलबाळ नसलेल्या वृद्धाचा भार त्याच्या मिळकतीच्या वारसावर येतो, ही आपल्या मोठ्या घरांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट. ज्याच्यावर सांभाळ सोंपविलेला आहे त्यानें वृद्धास जाणूनबुजून टाकून दिल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पांच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. सांभाळाच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न झाल्यास, परत मिळूं शकते. मात्र ती अट बक्षीसपत्रांत लिहून घेतलेली बरी. तोंडी वचनावर हे खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आहेत.

घरांत एखादा मंदबुद्धि काका किंवा अंथरुणाला खिळलेली अविवाहित बहीण असते. अशांचा छळ होत असल्यास २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्याप्रमाणें तहसीलदारासारख्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यास कोणीहि कळवूं शकतो. आणि मनोरुग्णाची हेळसांड होत असल्याचें दिसलें तर २०१७ च्या कायद्यानें पोलिसांस कळविणें हें पाहणाराचें कर्तव्यच ठरविलें आहे. कायद्यांचीं नांवें आठवलीं नाहींत तरी एक आंकडा भिंतीवर लिहून ठेवावा: १४५६७, ज्येष्ठांसाठीं, फुकट. जीव धोक्यांत असेल तर ११२.

इतकें सारें ठाऊक असूनहि मावशीपुढें माझें कांहीं चाललें नाहीं. चौथ्या दिवशीं सौ.नें तिला फोटोचा अर्थ हलक्या शब्दांत सांगितला. ती बराच वेळ टाळ पुशीत बसली. मग म्हणाली, "मला ठाऊक आहे. दुसऱ्याच वर्षी बँकेतल्यासारखं बोलला फोनवर, तेव्हाच कळलं. पण तेवढ्यासाठी तरी येतो ना?"

मी म्हणालों, मावशी, अर्ज करूं, निकाल तुमच्या बाजूनें लागेल. तिनें नकार दिला. माझ्यांतल्या मास्तराला तो नकार मोडून काढावासा वाटला, हें खरें. परंतु ती लहान मूल नव्हती. तिची बुद्धि आमच्याइतकीच शाबूत होती, आणि जीवावर बेतलें नव्हतें. वृद्धाचें भलें त्याच्या इच्छेविरुद्ध करूं जाणारा माणूस त्याच्या हातची आणखी एक किल्ली काढून घेतो, असें सौ.चें मत, तें मला मान्य करावें लागलें. तेव्हां तिला काय हवें तें तिलाच विचारलें. जमीन नको, घर नको, मुलावर फिर्याद नको. दोनच गोष्टी: नवा चष्मा, आणि आपले पैसे आपल्या हातांत. "त्याला द्यायचे ते मीच देईन," ती म्हणाली.

चष्म्याचें काम त्याच दिवशीं झालें. दुसऱ्यासाठीं बँकेस व वेतनाच्या कार्यालयास अर्ज लिहिला कीं जुन्या खात्याचें कार्ड बंद करावें व वेतन मथुरेंतील शाखेंत, तिच्या एकटीच्या नांवच्या खात्यावर जमा करावें. आश्रमाच्या कारकुनानें सवयीनें शाईचें पॅड पुढें केलें. तिनें तें बाजूला सारलें, नवा चष्मा नाकावर ठेवला आणि सावकाश, अक्षरावर रेघ ओढून, पूर्ण नांव लिहिलें. कामाला तीन पत्रें आणि चार महिने लागले, परंतु तें झालें.

गेल्या नोव्हेंबरांत तिचा सौ.ला फोन आला होता. मुलगा येऊन गेला, एक दिवस राहिला. या खेपेस फोटो काढला नाहीं, असें तिनें आपण होऊन सांगितलें. पेढे तिनेंच आणून ठेवले होते.